जिंकल्याबद्दल बोलणी

३ सप्टेंबर, सोमवार

खुर्ची आतच आहे!

आमच्या फुटबॉल क्लबाची ही जुनी रीत. लागोपाठ तीन सामने हरले, की सोमवारी सकाळी प्रशिक्षकाची खुर्ची व्हरांड्यात ठेवलेली असते. कुणी अवाक्षर काढत नाही. माणूस काय ते समजतो, शिट्टी टेबलावर ठेवतो आणि चालता होतो. माझ्याआधीचे सगळे असेच गेले. काल आमचा तिसरा पराभव. आज फाटकातूनच मान वाकडी करून पाहिलं — व्हरांडा रिकामा! दारात नव्या अध्यक्षबाई. म्हणाल्या, "बाहेर काय शोधताय? आत आहे. या, बसा."

बसण्याआधी खुर्चीला हात लावून पाहिला, खरीच आहे ना. हे फक्त इथेच लिहितो.

१० सप्टेंबर

बाईंचा बेत लांबचा आहे, पाच वर्षांचा. बाहेरून नावाजलेले खेळाडू आणायचे नाहीत. दहा वर्षांखालच्या पोरांपासून मुख्य संघापर्यंत सगळ्यांनी एकाच पद्धतीने खेळायचं. चेंडू जमिनीवरून, गोलकीपरपासून पुढे. म्हणजे खालचा पोरगा वर आला, की त्याला घर बदलल्यासारखं नको वाटायला, नुसती खोली बदलल्यासारखं वाटावं. (हे वाक्य माझं. बाईंनी सभेत स्वतःचं म्हणून खपवलं. असो.)

यंदा अट एकच — लीगच्या खालच्या विभागात घसरायचं नाही. घसरलो तर कार्यकारिणी बेत गुंडाळणार, आणि त्याच सतरंजीत मलाही.

मदतनीस म्हणून पदविकावाला तरुण दिलाय. मी त्याला 'डिप्लोमा' म्हणतो. मी पंप दुरुस्त करणारा माणूस. टीव्हीचा आवाज बंद करून सामने पाहिले, तेच माझं कॉलेज. सरावाचे शंकू मी दोरी धरून लावतो. हा नुसत्या नजरेने. वाकडे! मी परत लावले.

३० सप्टेंबर

हरलो. मेव्हण्याचा फोन — "भावोजी, तुमची पोरं पास फार सुरेख देतात हो. समोरच्यांना देतात, एवढंच!"

फोन आपटला. मग तो बंद पडला नाही ना, हे तपासलं.

२१ ऑक्टोबर, रविवार

जिंकलो! जिंकलो!!

काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी उठून 'तोफे'ला बोलावलं. तोफ म्हणजे आमचा जुना आघाडीवीर. पोट सुटलंय, पण डोकं अजून हातोड्यासारखं. बेताप्रमाणे त्याने आता फक्त पोरांना शिकवायचं. मी दोन पोरं बाकावर बसवली, त्याला गोलसमोर उभं केलं आणि सांगितलं — मागून उंच मारा, त्याच्या डोक्यावर. दोन गोल, दोन्ही डोक्याने. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. डिप्लोमा टाळ्या वाजवत होता, पण जेवण न आवडलेल्या पाहुण्यासारख्या.

२२ ऑक्टोबर

बाईंनी बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. शाबासकीला जातोय असं वाटलं!

"हरलात तेव्हा मी काही बोलले का?"

"नाही."

"आज बोलणार आहे. काल बसवलेली ती दोन पोरं कुठे होती सामन्यानंतर?"

मला माहीत नव्हतं.

"कपडे बदलायच्या खोलीत. बूट न काढता बसली होती. त्यांना कळलं ना, की अडचण आली की आपला बेत खोटा! तोफ अजून किती हंगाम पुरेल हो? आणि तो संपला की?"

जिंकल्याबद्दल बोलणी खाणारा जगातला पहिला प्रशिक्षक मीच असेन. घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर बोलल्या." घरात तरी बाजू घ्यावी माणसाची!

११ नोव्हेंबर

पोरांना परत घेतलं. हरलो. खुर्ची आत.

२० जानेवारी, रविवार

आज काहीतरी झालं. एका गोलने मागे होतो, वेळ संपत आलेली. माझ्या तोंडून निघालंच — "उंच मारा!" डिप्लोमाने माझी बाही धरली. "सर, थांबा. येईल." बाही धरतो! माझी! मी झटकणार, तेवढ्यात गोलकीपरने चेंडू शेजारी दिला, शेजारच्याने मधे, मधल्याने कडेला — एकदाही जमिनीवरून उडाला नाही — आणि त्या बसवलेल्या पोरांपैकी धाकट्याने आत सारला. बरोबरी. आमच्या पद्धतीने!

मी ओरडत होतो. डिप्लोमा संत्रं सोलत होता. अर्धं मला दिलं.

२४ मार्च

सलग दुसरा विजय. मेव्हणा गप्प. मीच फोन केला.

२१ एप्रिल, रविवार

वाचलो!

शेवटचा सामना, बरोबरी पुरेशी होती, बरोबरीच झाली. शिट्टी वाजली आणि मी गवतावर बसकण मारली. नवी पँट, हिरवे डाग — तरी बसून राहिलो. किती महिन्यांनी पोटभर श्वास घेतला! तोफ रडत होता. म्हणाला, "माझी पोरं आहेत ही." खरंच आहे, त्यानेच शिकवलीत वर्षभर. बायको कठड्यापलीकडून ओरडली, "उठा आता, लोक बघतायत!" तीही रडत होती.

२२ एप्रिल

बाई म्हणाल्या, "उरलेली चार वर्षं संघ तुमचाच. लेखी देते." हेच तर हवं होतं मला! म्हणालो, गुरुवारी सांगतो. का म्हणालो, कोण जाणे.

२५ एप्रिल, गुरुवार

बाईंना सांगितलं — मुख्य संघ डिप्लोमाला द्या. मला हरणं सोसत नाही, त्याला सोसतं. आणि या बेतात अजून पुष्कळ हरायचंय. मला दहा वर्षांखालची पोरं द्या. बाई बघतच राहिल्या. घरी आलो आणि भरदुपारी गाढ झोपलो. बायकोने कपाळाला हात लावून पाहिला म्हणे, ताप आहे का.