मागच्या वाटेची वहिवाट

नदीकाठी लावलेल्या पाटीवर सुम्बेरान वस्तीच्या बांधकामाला काय लागलं ते कोरलेलं आहे: सिमेंट, सळई, विटा. त्यात धरायचं राहून गेलं ते असं: फणसाची दोन झाडं, कपडे धुण्याचा एक काळा दगड आणि एकवीस घरांची मागची दारं. हे आधी मांडतो, कारण पुढची सगळी वाटणी याच्यावरच उभी आहे.

बिस्मिल्लाह. मी हार्जोसुमार्तो, आईबापांनी ठेवलेलं नाव परिमिन, वय चौऱ्याहत्तर, धंदा आधी गवंडीकाम, नंतर घरबांधणीचा ठेका, राहणार सुम्बेरान, शहर सोलो, लिहून ठेवतो की माझी शुद्ध जागेवर आहे, हात थोडा कापतो पण कान शाबूत आहेत, आणि हा कागद मी कोणाच्या भिडेखातर करत नाही. भीड धरली असती तर केलाच नसता. या आधी मी कोणताही असा कागद केलेला नाही.

कलम १. माझ्या मिळकतीचे दोन तृतीयांश धर्माप्रमाणे माझा एकुलता मुलगा विचाक्सोनो याचे. तिथे माझा हात चालत नाही. उरलेला तिसरा हिस्सा माझ्या मर्जीचा. घराची नदीकडची बैठक, तिच्या पायऱ्या आणि पुढचं अंगण त्यात बसतं का, हे मी स्वतः फीत धरून आणि सगळ्या मिळकतीची किंमत काढून पाहिलं. बसतं, वर थोडं उरतं.

कलम २. उरलेल्यातून माझा ओळंबा, पाणसळ, थाप्या आणि लाकडी गुण्या गिमान गवंड्याला द्यावा. ओळंब्याची दोरी बदलू नये, ती माझ्या उस्तादाची आहे. माझी बांबूची शिडी मेव्हणा सुक्रो याने रमजानच्या आधी नेली, कुठल्या रमजानच्या ते विचारू नये. ती त्याला दिली असं समजावं. मात्र यापुढे 'माझी शिडी' म्हणताना त्याने जरा आवाज खाली ठेवावा.

कलम ३. या वस्तीच्या बांधकामाबद्दल मला मिळालेलं, भिंतीवरचं मानपत्र विचाक्सोनोने न्यावं. माझ्या कफनाबरोबर, दफनाच्या वेळी किंवा नंतरच्या जेवणात कोणीही त्याचं वाचन करू नये.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. हे घर मी माझ्या हाताने बांधलं. वस्तीत नदीकडे तोंड करून बसलेलं पहिलं घर हेच. पुढच्या दाराला फणसाचं लाकूड वापरलं, पाडलेल्या झाडांपैकीच एकाचं. सगळे सांधे खिळ्याशिवाय. ते दार आजही एका बोटाने उघडतं, हे मी परदेशातून आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ऐकवलं आहे. त्याच्या पाठोपाठ दुसरंही ऐकवत आलो: "ही वस्ती लोकांना विचारून बांधली. एकानेही नाही म्हटलं नाही."

म्हटलं नाही, हे खरं.

पूर्वी आमची घरं गल्लीकडे तोंड करून होती आणि पाठ नदीकडे. पाठीमागे चुली. चुलींमागून एक वाट, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बायकांची सगळी ये-जा तिथून. मीठ, मिरची, रडकी पोरं, सासूच्या तक्रारी, सगळं त्या वाटेने जायचं. कचराही तिथूनच नदीत जायचा. म्हणून वस्ती नव्याने बांधायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी ठरवलं की घरं फिरवायची. नदी समोर आली की तिच्यात घाण टाकायला माणूस लाजेल. विचार वाईट नव्हता, अजूनही वाईट वाटत नाही.

चटया अंथरून सभा घेतली. पुठ्ठ्याची घरं करून नेली होती, कोणालाही उचलून फिरवता यावीत म्हणून. सगळ्यांनी कौतुकाने पाहिली, फिरवली कोणीच नाही. मग मी साडिनेमकडे वळलो, तिला आम्ही बू, म्हणजे आई, म्हणतो. लिवेत, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, विकणारी ही बाई. माझी आई बाजारात असायची तेव्हा हिच्याच चुलीपाशी मी वाढलो. लहानपणी तिचा आवाज माझ्या पाठीवर छडीसारखा पडायचा: "परिम्या! नाही म्हटलं ना! ऊठ त्या दगडावरून, नदीत जाशील!"

त्या दिवशी मी तिला विचारलं, "बू, चुली गल्लीकडे गेल्या तर चालेल?"

ती म्हणाली, "इंगिह, पाक."

मी म्हटलं, "मागची वाट राहणार नाही हं."

"इंगिह."

"म्हणजे पटलं?"

"इंगिह, पाक." हा शेवटचा इतका हळू, की बाजूच्या रुकिनीने मान खाली घातली.

इंगिह म्हणजे हो. इंगिह म्हणजे ऐकलं. आणि मोठ्या माणसासमोर, डोळे चटईवर ठेवून म्हटलेलं इंगिह म्हणजे तुमचं चालू द्या, आमचं आम्ही बघू. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही असं नाही. माझ्या कानांनी तिचं 'नाही' स्वच्छ ऐकलं. पण मला परिम्या म्हणणारी बाई आज मला पाक, म्हणजे साहेब, म्हणते आहे, मानाच्या माणसाशी बोलायच्या वरच्या बोलीत बोलते आहे, याचंच मला इतकं सुख झालं की मी मान डोलावली आणि पुढच्या घरच्यांकडे वळलो. लिहिताना अजून कान तापतात.

पुढचं वस्तीनेच केलं. दोन वर्षांत लोकांनी नदीकडच्या बैठकींत चुली मांडल्या, अंगणांच्या भिंती एकेक करून काढल्या आणि वाट परत केली. पाहुण्यांना घेऊन फिरताना मी त्या बाजूला छत्री धरायचो. फक्त माझी बैठक राहिली, वाटेत आडवी, आरपार. टोकाच्या घरातली साडिनेम एकटी अलीकडे, बाकीच्या बायका पलीकडे.

गेल्या वर्षी साडिनेम सकाळी चुलीपाशी कोसळली. अर्धं अंग गेलं. दुपारी लास्त्री, तिची मुलगी, कामावरून आली तेव्हा सापडली. रुकिनी मला म्हणाली, "धूर दिसला नाही, पण मध्ये तुमची बैठक ना. मला वाटलं त्यामुळेच दिसत नसेल." तिने हे दोष म्हणून सांगितलं नाही, म्हणून जास्त लागलं.

मी भेटायला गेलो. विचारलं, "बू, वाट मोकळी करून देऊ का?"

"इंगिह, पाक."

लास्त्री हसली. "तिला कशाला विचारता? ती तुम्हाला दुसरं काय म्हणणार? मला विचारा."

"बरं, तू सांग."

"तेव्हाही नको होतं, आताही नको आहे. ही भिंत."

सबब माझी बैठक, पायऱ्या आणि अंगण ही जागा माझ्या पश्चात पाडून, सपाट करून, सुम्बेरानच्या सर्व रहिवाशांना कायमच्या वहिवाटीसाठी दिली आहे. तिच्यावर छप्पर, फाटक, पाटी किंवा माझं नाव लावू नये. काय बांधायचं ते तिथे चूल असलेल्या बायकांनी ठरवावं. ठरवताना बांधकामातल्या कोणाही माणसाने चटईवर बसू नये, लांब उभं राहावं.

कलम ५. विचाक्सोनोची हरकत मी ऐकली आहे. त्याला बैठकीत माझ्या कामाचं प्रदर्शन मांडायचं होतं.

"बापाक, प्रत्येक प्रबंधात या बैठकीचा फोटो आहे. ती पाडायची?"

"फोटो आहे ना? मग झालं."

"लोक काय म्हणतील?"

"इंगिह म्हणतील."

त्याला हसू आलं, मग रागही आला, मग तो सिगारेट ओढायला गल्लीत गेला. मुलगा चांगला आहे. शिकलेला आहे, त्यामुळे त्याला वेळ लागेल. त्याने हे कलम मोडायचा प्रयत्न केल्यास माझा त्याच्यावर राग नाही, पण माझ्या कबरीवर फुलं टाकायला त्याने पुढच्या बाजूने येऊ नये.

दुरुस्ती. वरचा मजकूर मी साक्षीदारांसमोर वाचून दाखवत असताना लास्त्री आलं घातलेला चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. कलम चारपाशी तिने मला थांबवलं.

"म्हणजे तुम्ही मेल्यावर?"

"हो. कागद तसाच असतो."

"आणि तोवर आईच्या चुलीचा धूर दिसतो का, ते कोणी बघायचं?"

"लास्त्री, पाहुणे यायचे आहेत मार्चमध्ये..."

"काका, नाही म्हटलं ना!"

कपबश्या वाजल्या. साक्षीला बसलेला वस्तीप्रमुख जुमादी छताकडे बघायला लागला. इतक्या वर्षांत मला या वस्तीत कोणी असं बोललं नव्हतं. मी चष्मा पुसला, 'माझ्या पश्चात' हे शब्द खोडले आणि वर 'येत्या सोमवारपासून' असं लिहिलं. खाडाखोड माझ्याच हातची असून तिच्याशेजारी सही केली आहे. पहिली वीट मी काढीन. गिमानला निरोप गेला आहे. त्या आधी मला काही झालं तरी काम सोमवारीच सुरू व्हावं, दफन मंगळवारी चालेल.

वाचून, समजून, लाज धरून सही करतो.

हार्जोसुमार्तो, म्हणजेच परिमिन

साक्षीदार: जुमादी, वस्तीप्रमुख. रुकिनी, शेजारीण (सही येते, तरी हौसेने अंगठाही उठवला).

तारीख: मंगळवार, आमच्या पाच दिवसांच्या बाजार-आठवड्याप्रमाणे लेगी, २१ जानेवारी २०२०.

स्थळ: सुम्बेरान, माझं स्वयंपाकघर. सह्या बैठकीत व्हाव्यात म्हणून साक्षीदारांना नदीकडून बोलावलं होतं. पुढचं दार जुमादीने दोनदा खांदा लावूनही उघडलं नाही, तेव्हा ते गल्लीने वळसा घालून आले.