मागच्या सीटवरचा तांब्या

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

शुक्रवार पेठ, सोलापूर
१२ फेब्रुवारी १९७८

प्रिय जगदेवी अक्काला धाकट्या मडिवाळप्पाचा शरणार्थ.

आम्ही सगळे बरे आहोत. दाक्षायणीनं तुझ्यासाठी शेंगाचटणी कांडून ठेवलीय, दुधनीला येणारं माणूस मिळालं की पाठवते. दाजींचं पत्र पोचलं. इतक्या वर्षांनी तुला पुन्हा दिवस गेलेत, सहावा लागला, हे वाचून ही बाई गॅरेजात पळत आली आणि माझ्या ग्रीसच्या हातांवर साखर ठेवली! पण शेवटी दाजींनी लिहिलंय की तू बाळंतपणाला माहेरी येणार नाहीस. का, ते लिहिलं नाही. त्यावर मग बोलू.

आधी गाडीची बातमी. आपल्या अण्णांची अडतीस सालची काळी गाडी महिनाभर विटांवर चढवून ठेवली होती. मागच्या चाकांवर एकावर एक कमानीसारखे पोलादी पाटे असतात बघ, गाडीची सगळी पाठ त्यांच्यावर तोललेली असते. ते सोडवून धोंडप्पा लोहाराकडे नेले. तो बघूनच हसला. म्हणाला, "ट्रक हाय का रं ही? येवढे पाटे कुणी कोंबले?" मी म्हटलं, "असेल कुणीतरी गाढव."

अक्का, मला या पाट्यांचा लई नाद लागलाय. जेवताना पण तेच डोक्यात. पाटा वाकला तर धक्का तो स्वतः खातो. पण वाकायला त्याला ओझं लागतं. पाटे जास्त आणि ओझं कमी असलं की तो वाकतच नाही, खड्ड्याचा दणका जसाच्या तसा सीटवर पाठवतो. म्हणून शेंगांची पोती भरलेली गाडी मऊ चालते आणि रिकामी गाडी लाथा झाडते. आहे की नाही गंमत?

पाटे काढायच्या आधी मी एक प्रयोग केला होता. तांब्या काठोकाठ भरला, दाक्षायणीला मागं बसवून तिच्या मांडीवर दिला आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या ओढ्याच्या फरशीवरून, त्या दगडी बुटक्या पुलावरून, गाडी नेली. अर्धा तांब्या तिच्या लुगड्यावर! मी हसत होतो. ती हसली नाही. तिनं विचारलं, "मागं जगदेवी वन्संना बाळंतपणाला आणलं तेव्हा हेच पाटे होते का हो?"

मी जॅक बघायचं निमित्त करून खाली उतरलो.

नंतर मग सगळं नीट केलं. दोन्हीकडचे दोन-दोन पाटे कमी केले. उरलेल्यांना धोंडप्पानं तापवून नवी कमान दिली, पाणी दिलं. पाट्यांच्या टोकांना बसतात ते रबरी बुश नवे घातले. चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, पट्ट्या वेल्डिंग करून दणका गिळणारे नव्या पद्धतीचे नळीसारखे शॉकॲबसॉर्बर लावले. काल त्याच फरशीवरून, त्याच तांब्यासकट गेलो. चार थेंब सांडले. ते चार का सांडले हे पण मला बघायचंय.

आता जे टाळत होतो ते लिहितो. दाक्षायणीला उत्तर दिलं नाही, तुला देतो. व्हय, हेच पाटे होते. तुला आणायच्या आठ दिवस आधी मीच ते घातले होते. बाजाराची पोती जास्त बसावीत म्हणून ट्रकचे पाटे कापून घातले. तुला घ्यायला रिकामी गाडी घेऊन निघालो तेव्हा मागच्या सीटवरचा जेवणाचा डबा उडून खाली पडला. दोनदा पडला. मी दोनदा उचलून ठेवला. म्हणजे मला कळलं होतं. दाजी रेल्वेनं न्यायचं म्हणत होते. दुधनीच्या पेठेतून बहिणीला स्वतःच्या गाडीतून नेतोय हे लोकांनी बघावं म्हणून मीच हट्ट धरला. फरशीवर तू "अरे, हळू" म्हणालीस ते मी ऐकलं होतं.

पोटातलं पोर गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कशानं झालं ते सांगता येत नाही. त्या एका वाक्याआड मी सात वर्षं लपलो. तुझ्या गौरम्मा सासूबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर तुला म्हणाल्या की तू आदल्या दिवशी आडाचं पाणी ओढलंस, तूच पोर घालवलंस. मी तिथंच भिंतीला टेकून उभा होतो. तोंडातून शब्द काढला नाही. तू माझ्याकडं बघितलंस, मी जमिनीकडं बघत राहिलो.

कारण पाटे होते की आणखी काय, मला आजही माहीत नाही. पण तुझ्या आडाच्या पाण्यापेक्षा माझे पाटे जास्त दोषी, एवढं तांब्यानं दाखवलं. माझ्या गाडीत बस असं म्हणायचं तोंड मला नाही. पण माहेर माझ्यामुळं सोडू नकोस.

तुझ्यासमोर मान वर करायची वाट बघणारा,
मडिवाळ


दुधनी
१९ फेब्रुवारी १९७८

चि. मडिवाळला अक्काचा आशीर्वाद.

मुद्दाम उघड्या कार्डावर लिहितेय. पोस्टमननं वाचलं तरी चालेल.

तुझं पत्र मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. डब्याचं दोनदा वाचलं. संध्याकाळी मी आडावर निघाले तर घागर त्यांनी काढून घेतली आणि स्वतः गेल्या. मग मी स्वयंपाकघरात बसून पोटभर रडले.

तुझा राग मला गाडीमुळं नव्हता रे. गाडीचं मला कुठं काय कळतं? तू भिंतीला टेकून गप्प राहिलास त्याचा होता. अजून आहे. गेला की सांगेन.

पुढच्या महिन्यात दाजी मला रेल्वेनं आणतील. तू स्टेशनवर गाडी घेऊन ये. तिथून शुक्रवार पेठेपर्यंत बसेन, तेवढंच. तांब्या भरून आण आणि या वेळी माझ्या मांडीवर दे. मी हळू म्हटलं की हळू चालवायचं.

तुझीच अक्का,
जगदेवी