बाप्पाभोवतीचा घाट

११ ऑगस्ट
चाळीच्या गणपतीची मीटिंग. चिटणीस तात्यांकडे जावयानं विलायतेहून आणलेली चावीची आगगाडी आहे. यंदाचा देखावा तिचाच: गाडी घाट चढणार, बाप्पाला प्रदक्षिणा घालणार. नकाशा कोण काढणार, तात्यांनी विचारलं. मी हात वर केला. तात्या म्हणाले, रांगोळीचं नंतर बघू. म्हटलं, रांगोळी नाही, नकाशा. सहा वर्षं ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर आहे, दुसऱ्यांच्या रेघांवरून शाई फिरवतेय. एकदा तरी पहिली रेघ आपली हवी. शेवटी मिळाला. फसला तर जन्मभर रांगोळी.

१४ ऑगस्ट
नकाशा झाला. बारा फूट बाय आठचं टेबल, कडेनं रूळ, मधे मूर्ती. इंजिनात दम कमी. म्हणून चढ लांब आणि मंद, मग डोंगर, बोगदा, पलीकडे आखूड उतार. लाकूडकामाला आमच्या वर्कशॉपातले गायकवाड फिटर हवे होते. परळचे. बौद्ध दीक्षा घेतल्यापासून देवाचं काही करत नाहीत, म्हणून विचारायला जीभ रेटेना. नुसताच नकाशा दाखवला. तेच म्हणाले, "मूर्तीचं मला सांगू नका. रुळाचं काय ते सांगा." झिरझिरीत कागदावरची ट्रेसिंग देऊन टाकली.

१८ ऑगस्ट, रवि.
रे रोडच्या वखारीतून फळ्या. गायकवाडांनी चढत्या उंचीचे ठोकळे कापले. त्यांवर रुळाच्या फळ्या नुसत्या टेकवल्या, चढ कमीजास्त करता यावा म्हणून खिळा नाही. डोंगर गोणपाटाचा, वर कागदाचा लगदा. झाडांसाठी घोसाळ्याच्या जाळ्या हिरव्या रंगात बुडवल्या. आई म्हणते, अंग घासायला एक तरी शिल्लक ठेव.

२१ ऑगस्ट
ऑफिसातून थेट मंडपात. पुरुषमंडळी झाडून शिवाजी पार्कला, सं. महाराष्ट्राच्या सभेला. केवढी शांतता. भुसा रंगवून गवत पसरलं. परत आले ते बसलेले घसे घेऊन. स्टेशनच्या पाटीवर 'मुंबईसह' हवंच म्हणाले. पाटी कर्जतची. 'मुंबईसह कर्जत' लिहू का, विचारलं. तात्यासुद्धा हसले.

२४ ऑगस्ट
गाडी घाट चढली. एका चावीत दोन फेरे. टाळ्या. तात्या चक्क शाबास म्हणाले. मी हवेत.
तेवढ्यात तात्यांच्या पत्नी, काकू, चहा घेऊन आल्या. मधल्या रिकाम्या चौरंगाकडे बघत राहिल्या. "शालन, ही उलटी फिरते गो. देव डाव्या हाताला पडतोय."
खरंच.
गाडीचं तोंड फिरवून पाहिलं. आता आखूड बाजूनं चढायचं. अर्ध्यावर थांबली, मागे घसरली. तात्यांनी इंजिन उचलून पेटीत ठेवलं, ते जास्त लागलं.
घरी येऊन कच्चा नकाशा बाहेर काढला. तो बरोबर. म्हणजे गायकवाडांना दिलेली ट्रेसिंग पालथी लावली गेली. ऑफिसात कोपऱ्यात नाव-नंबर असतो, पालथा कागद लगेच कळतो. पण ट्रेसरनं नाव घालायचं नसतं, त्या सवयीनं मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. कुणाला कळणार? चूक माझीच. मूर्ती गुरुवारी येणार. जेवले नाही.

२५ ऑगस्ट, रवि.
सकाळी परळला निरोप धाडला. गायकवाड लगेच आले. काय घडलं ते सगळं सांगितलं. त्यांनी एक फळी उचलून खाली पाहिलं. "ठोकळे मोकळेच आहेत की. इकडचे तिकडे करू. डोंगर त्या कोपऱ्यात नेऊ."
रूळ जागच्या जागी, नुसता चढ फिरवायचा. मला कसं सुचलं नाही? दुपारभर ठोकळे हलवले. डोंगर चौघांनी उचलला, त्यांत तात्या धोतर खोचून. एक कडा ढासळली, तिला पुन्हा लगदा. पाचच्या सुमारास चावी दिली. देव उजवीकडे, आणि गाडी सावकाश वर, वर, बोगद्यात, पलीकडे खाली…
मी सरळ रडले. काकूंनी पाठीवरून हात फिरवला. इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. घरी तीन पोळ्या खाल्ल्या.

२९ ऑगस्ट, चतुर्थी
गाडी दिवसभर बिनबोभाट. अख्खं गिरगाव लोटलं म्हणायचं. तात्या येईल त्याला सांगतात, "नकाशा आमच्या शालनचा." उलटंसुलटं झाल्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. रांगोळीही मीच काढली. आता तिचा राग नाही.

३ सप्टेंबर
संध्याकाळी गायकवाड समोरच्या फुटपाथवर उभे. आत येईनात. तिथून जेमतेम बोगद्याचं तोंड दिसतं. मीच बाहेर गेले. त्यांच्या चाळीत मुलांसाठी वाचनखोली निघतेय. "तिथं असा घाट करायचाय. तुमचा नकाशा द्याल?"
मधे काय ठेवणार, विचारलं.
"पोरं बसतील की मधे. गाडी कशीही फिरू दे."
रस्त्यातच दोघं हसलो. हो म्हटलं. आपणहून कुणी माझा नकाशा मागितला.

५ सप्टेंबर
पण इंजिन तात्यांचं. आरतीनंतर त्यांच्या घरी जाऊन विचारलं, विसर्जन झालं की परळला द्याल का. कुणासाठी, तेही स्पष्ट सांगितलं. तात्या बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग, "बघू."
ऑफिसात बघू म्हणजे नाही. तात्यांचं बघू म्हणजे काय, अजून माहीत नाही. काकू आतून ऐकत होत्या, एवढं खरं.
नव्या नकाशाचा कागद मात्र आजच ताणून बसवला. मधे मुलं बसायची, तर टेबल मोठं लागेल.