भेंडीला पाणी घालताना

थॅडियस,

फोनवर मी खोटं बोलले. निकाल लागलाय. तू भेंडीला पाणी घालत असताना पोलिसाने तुझा हात मोडला, तरी त्याच्यावर दावा चालणार नाही.

वकीलबाई म्हणाल्या, "पोलिसावर दावा चालायला पूर्वी अगदी असंच घडून कोर्टाने ते चूक ठरवलेलं हवं."

घडलं होतं की! असाच हात मोडलेला एक माणूस जिंकलाही. पण त्याच्या हातात खराटा होता, तुझ्या हातात पाण्याचा पाइप. मग पाइपवाल्याचा हात मोडणंही चूक, हे पोलिसाला बिचाऱ्याला कसं कळणार?

मी विचारलं, "निदान पुढच्या वेळेसाठी आता पाइपचं तरी ठरलं ना?"

"नाही. कोर्टाने ते ठरवायचंच टाळलं."

हे पत्र टाकायचा धीर होत नाही. भेंडीची काळजी करू नकोस. मी पाणी घालते, बगलेत खराटा धरून.

तुझी थोरली बहीण,
ओडेसा