पेट्या जाळणारं खातं

९ ऑक्टोबर
प्रश्नावली आली. चाळीस पानं! दर बारा वर्षांनी आमचं मधमाशी तपासणी खातं कायद्यानेच मावळतं. विधिमंडळ 'असू दे' म्हणालं, तरच पुढची बारा वर्षं. खातं म्हणजे तरी काय — मी, माझी पिकअप आणि धुराचा डबा.
प्रश्न सतरावा: 'हे खातं बंद पडल्यास कोणाचं नुकसान होईल?' तासभर पेन्सिल चावली.

११ ऑक्टोबर
ओढ्याकाठी पिवळी रानफुलं. पिकअपमध्येच डोळा लागला. स्वप्नात मी पेटीच्या आत. मेणाच्या भिंती कोमट, सगळीकडे गुणगुण, आणि तुझी गरज काय असं कोणी विचारत नव्हतं. उठावंसंच वाटेना.

२० ऑक्टोबर
राजधानी ऑस्टिनहून विधिमंडळाच्या वतीने पाहणीला कॅलिस्टा आली. गोड पोरगी. कागद चाळत म्हणाली, "सहा वर्षांत अळ्या सडण्याचा रोग एकदाच सापडला. मग तुमची गरज काय, मिस वर्ना?"
"एकदाच सापडला तो मी आहे म्हणूनच गं."
लिहून घेतलं, पण पटलेलं दिसलं नाही.
तो एकदा म्हणजे अल्बिन क्रेनेक. पासष्ट पेट्या. रोग लाकडातही राहतो, म्हणून माशा, मेण, चौकटी — सगळं खड्ड्यात घालून जाळलं. तीन वर्षं झाली. मी दिसले की म्हातारा चर्चमध्येही बाक बदलतो.

१४ नोव्हेंबर
सुनावणी. लोकांमधून बोलायला एकच नाव — अल्बिन क्रेनेक. म्हटलं, संपलं.
लग्नातला सूट घालून आले होते. "या बाईने माझ्या सगळ्या पेट्या जाळल्या. मी नाही नाही ते बोललो. ती गप्प खड्डा खणत होती आणि रडत होती. शेजाऱ्यांच्या माशा आज जिवंत आहेत त्या तिच्यामुळे. ठेवा तिला."
"आणि तुमच्या?" एका आमदारांनी विचारलं.
"चाळीस पेट्या उभ्या केल्यात परत. बायको म्हणते, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी म्हाताऱ्याला चळ लागलाय."
सगळे हसले. मी पिकअपमध्ये जाऊन पोटभर रडले.

५ जानेवारी
थंडी. पेटीला कान लावला. आत माशा एकमेकींना बिलगून हळू गुणगुणताहेत. बराच वेळ तशीच उभी राहिले. आमच्या खात्याचाही हिवाळाच चाललाय; निकाल अजून लागायचाय.

२२ मे
मिळाली! बारा वर्षं. अल्बिनकडून आलुबुखारवाले पाव आले, सोबत चिठ्ठी: 'आता तरी कॉफीला या. पेट्याही बघून घ्या.' दिवसभर पाय जमिनीवर नव्हते.

३ जून
अल्बिनकडे गेले. सातव्या पेटीत सडकी अळी दिसली. आगकाडीने उचलली, तर चिकट तार ओढली गेली. तोच रोग. आठवीत तेच. नववीत तेच.
ते आत कॉफी करताहेत. अजून सांगितलेलं नाही.