तोंडाला पडलेली कोरड

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा नमस्कार. (एका हातात सुई आहे, तेव्हा एकाच हाताचा गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात?

आठवतं, गायनाचा तास संपला की आपण चॅपलमागच्या नळाला ओंजळ लावायचो आणि सिस्टर म्हणायच्या, "मुलींनो, उंट आहात का तुम्ही?" परवा शिरेतून औषध चालू असताना मी तिथेच होते. खिडकीचा पडदा फुगत होता, बाटलीतले थेंब संथपणे उतरत होते, मी ओंजळ धरून उभी होते आणि ती काही केल्या भरेना. जाग आली तर जीभ टाळूला चिकटलेली. कशीबशी यांना म्हटलं, "तोंडाला कोरड पडलीय."

झालं! यांना वाटलं, मी घाबरले. जन्मभर नळयोजनांची कामं केलेला हा माणूस (रस्ता ओलांडतानाही माझ्या चार पावलं पुढे चालणारा) खुर्ची ओढून चक्क माझा हात धरून बसला. "वेडी आहेस का? मी आहे ना!" ताई, खाट जमिनीवरून वीतभर उचलली गेली असावी.

तेवढ्यात नर्सबाई आल्या. म्हणाल्या, "उलटी होऊ नये म्हणून जे औषध देतो ना, त्याने लाळ आटते. शिवाय आजी तोंड उघडं टाकून झोपतात. बर्फ चघळा, घोट घोट पाणी प्या, ओठांना मलम लावा."

"म्हणजे घाबरली नाहीस होय!" असं म्हणून यांनी हात सोडला आणि नर्सबाईंना विचारलं, "एवढी बाटली आत गेली, तर वरच्या मजल्याला प्रेशर का नाही?" आता हे थर्मासमधून बर्फ आणतात, चमच्याने भरवतात आणि खिडकीपाशी जाऊन पेपर वाचतात. कोरड पुष्कळ कमी आहे.

बाकी ठीक. काळजी नसावी.

तुझी धाकटी

ता. क. पुढची बाटली सोमवारी आहे. त्याआधी यांना फोन करून सांग, ती खरंच घाबरलीय. मला नाही गं सांगता येत. सांगायला गेले की तोंडाला कोरड पडते, आणि हे बर्फ आणायला धावतात.

आणखी एक ता. क. पार्सल पाठवशीलच, म्हणून सांगते. बिनसाखरेच्या आंबट गोळ्या शेजारच्या खाटेवरच्या शिक्षिकेला (तिचीही जीभ चिकटते, त्यामुळे वॉर्ड शांत आहे). ओठांचं मलम मला. आणि खुर्चीत घालायची गादी यांना. जरा जाडच बघ, बराच वेळ बसायचंय त्यांना.