मास्तरांनी मला मारलं नव्हतं

आये, तुझ्याशी थोडं बोलायचं आहे, आणि या खेपेला ते कागदावर ठेवायचं आहे. मला लिहायला येत नाही हे तुला नव्यानं सांगायला नको. शाळेतून तूच तर काढलंस मला. रागावू नकोस, चिडवत नाही. म्हणजे थोडी चिडवतेच. समोर माझी सून बसली आहे, आज रजा घेऊन, नातीच्या वहीतली मधली पानं काढून घेऊन, आणि मी बोलते तसं ती लिहिते आहे. तसंच्या तसं लिही म्हटलं तरी माझं बोलणं जरा धुऊन, पिळून मगच कागदावर वाळत घालते. "आत्ती, असं लिहीत नाहीत," म्हणाली. म्हटलं, बाई, मेलेल्या माणसाला पत्र तरी कुठं लिहितात? तू लिही.

तुझी पणती आता पहिलीत आहे. तिच्या शाळेनं घरी दोन कागद धाडलेत, ते सुनेनं फ्रिजच्या दाराला लावून ठेवलेत. एका कागदावर डब्यात कुठल्या वारी काय द्यायचं ते लिहिलेलं आहे. सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी मोड आलेली कडधान्यं, आणि बुधवारी, हसू नकोस हं, नाचणी. तुझी नाचणी, आये! जिला आपण पाव्हण्यांपुढं झाकून ठेवायचो, ती आता काचेच्या बरणीत बसते, आणि सून तिला चमच्यानं मोजून घेते. नाचणीनं हाडं बळकट होतात म्हणे. तू सत्तरीत डोक्यावर गवताचा भारा घेऊन चढ चढायचीस, तेव्हा तुझ्या हाडांना हे कुणी सांगितलं नव्हतं. दुसरा कागद आणखी गमतीचा. घरातल्या सगळ्यांनी मिळून पोरांबरोबर ऋतूप्रमाणं काहीतरी करायचं. बेंदराला मातीचे बैल करायचे, श्रावणात झोका बांधायचा, थंडीत शेतावर जायचं, आणि केल्याचा फोटो वहीत चिकटवायचा. तू हे सगळं कागदाशिवाय करायचीस. बेंदराच्या आदल्या दिवशी ओढ्याकाठची चिकण माती पदरातून आणायचीस आणि उंबऱ्यावर मला घेऊन बसायचीस. तुझा बैल वशिंडासकट उभा राहायचा. माझा बैल दरवर्षी डुकरासारखा व्हायचा. मी रडायला लागले की तू म्हणायचीस, "असू दे गं, त्यालाबी कोण तरी जुंपंलच की." आता पेठेत माती विकत मिळते, पिशवीत. नातीनं केलेला बैल माझ्या बैलावरच गेला आहे. रक्त कुठं जातंय?

पण सांगायचं आहे ते गेल्या बुधवारचं. सकाळी सुनेनं पुरीएवढाल्या नाचणीच्या भाकऱ्या केल्या, छान, पापुद्रा सुटलेल्या. नात वेणी घालून घ्यायला आली, तिनं डब्यात डोकावून बघितलं आणि नाक मुरडलं. "ई, काळी! माझ्या मैत्रिणी हसतील." सून म्हणाली, "हसू देत. गपगुमान खायची," आणि आपलं आवरायला आत गेली, तिलाही नोकरीवर जायचं असतं. आये, पोरीचं ते 'हसतील' ऐकलं आणि मला राहवलं नाही. वेणी झाली आणि पोर दप्तर आणायला पळाली, तसा मी डबा उघडला, भाकऱ्या काढून घेतल्या, पावाच्या दोन कापांना जाम फासला, ते डब्यात ठेवले आणि झाकण लावलं. भाकऱ्या पदराखाली धरून मागच्या दारात गेले आणि उभ्या उभ्या खाल्ल्या. चोरट्यासारख्या. तो कागद माझ्यापासून हातभर लांब होता, पण मला कागद काय आणि भिंत काय. शिवाय मला वाटलं होतं, ते डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं असेल, ज्याचं त्याला. आपल्या पोरीला नाचणी, दुसरीला भात, तिसरीला आणखी काही. सगळ्या वर्गाला एकाच दिवशी एकच गोष्ट लिहून दिली असेल, हे माझ्या डोक्यात कसं यावं?

दुपारी पोर घरी आली ती तोंड सुजवूनच. "सगळ्यांच्या डब्यात नाचणी होती आजी. कुणाचा डोसा, कुणाचा लाडू. माझ्याच डब्यात पाव. बाई म्हणाल्या, आईला वेळ मिळाला नाही का गं? मग सगळी हसली." बघ आये, हसू नयेत म्हणून काळं काढून पांढरं घातलं, तर पांढऱ्यालाच हसली. संध्याकाळी सून आली. बाईंनी वहीत लिहून दिलेलं तिनं वाचलं आणि तिचं तोंड एवढंसं झालं. मग पोरीला समोर उभी केली.

"डबा कुणाबरोबर बदललास?"

"नाही बदलला."

"मग पाव कुठनं आला? उडत आला?"

"मला नाही माहीत!"

"खोटं बोलतीस व्हय?" आणि पोरीच्या पाठीत एक धपाटा बसला. मी तिथंच पाटावर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होते. सोलतच राहिले.

आता इथं लिहिणं थांबलं आहे, आये. सुनेनं पेन खाली ठेवलंय आणि माझ्याकडं बघते आहे. डबा मी बदलला हे तिला आत्ता लिहिता लिहिताच कळलं, धपाट्यापर्यंत कशीबशी लिहीत आली. काय बोलणं झालं तेही लिही असं मी सांगितलं, म्हणून ती हे नंतर लिहिते आहे.

"आत्ती, म्हणजे तुम्ही?"

"व्हय, मी. लिही पुढं."

"मी मारलं की हो तिला. जल्मात पहिल्यांदा."

"मला ठावं हाय."

"आणि तुम्ही शेंगा सोलत बसला?"

"बसले की. गप बसायची मला लहानपणापासनं सवय हाय. तेच तर सांगाय लागलेय आईला."

ती उठून आत गेली. एक पातेलं आपटलं, मग दुसरं. तिसरं आपटलं असतं तर मी आजचं राहू दे म्हणणार होते. पण ती तोंडावर पाणी मारून परत आली, बसली आणि म्हणाली, "सांगा." पोर शाळेतून आली की तिला मी सांगू का, असं तिनं विचारलं. म्हटलं, नको. माझं मी सांगते. आपल्यासाठी दुसरं कुणी बोलायला गेलं की काय होतं, ते मी बघितलं आहे.

तर आये, ऐक. शाळा खालच्या गावात होती. नदीकाठची काळी जमीन त्यांची, त्यांच्यात जोंधळा पिकायचा. आपण पन्हाळ्याच्या बाजूचे, वरच्या वाडीतले, तांबड्या मातीत नाचणी करणारे. पावसाळ्यात तू मला शाळेत घातलंस. तांबडं फुटायच्या आत जात्यावर बसायचीस, आणि तव्यावरची सगळ्यात नीट फुगलेली भाकरी माझ्या फडक्यात बांधायचीस, वर खर्डा, कधी काकवीचं बोट. मोडकी, करपलेली तुझ्या ताटात. मी ते बघायची. आणि दुपारी शाळेच्या वळचणीला सगळ्या पोरींनी फडकी सोडली की त्यांच्या भाकऱ्या चांदण्यासारख्या, आणि माझी ती काळी. त्यांतली एक मोठ्यानं ओरडली, "ए, हिनं शेणी आणल्यात बघा! चुलीत घालायच्या का खायच्या गं?" त्या दिवसापासून माझं नाव शेणी पडलं. मग मी फडकं सोडणंच सोडलं. ओढ्याच्या वळणावर एका म्हातारीची शेळी बांधलेली असायची, तिला भाकरी घालायची आणि पुढं जायची. ती शेळी चार महिन्यांत अशी तुकतुकीत झाली की म्हातारी सगळ्यांना सांगत सुटली, औंदाचा पाला लई चांगला हाय.

दिवाळीच्या तोंडाला एक दिवस मी घरी आले आणि दारातच भोवळ येऊन बसले. तू धावत आलीस. माझं तोंड हातात धरून विचारलंस, "काय झालं? जेवली न्हाईस?" आता काय सांगायचं? तुझी भाकरी शेळीला घालते म्हणून? तुझ्या हातांना पिठाचा वास येत होता. माझ्या तोंडातून निघालं, "मास्तर मारत्यात." झालं. दुसऱ्या दिवशी तू कासोटा खोचलास, कमरेला विळा तसाच, आणि माझा हात धरून चढ उतरलीस. मास्तर कसे होते, आये? पोरांना 'बाळा' म्हणणारे. कधी छडी उचलली नाही त्यांनी. वर्गात छडीच नव्हती. तू दारातूनच सुरुवात केलीस. "मास्तर, पोरीला शिकवाय ठेवलीया का मार खायाला? माझ्या लेकीच्या अंगाला हात लावलासा तर बघा. न्हाई शिकली तर न्हाई शिकली, माझी लेक मला जड न्हाई!" मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. एकदाच. मी तुझ्या लुगड्याच्या निऱ्यांत तोंड घातलं. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "चुकलं असंल माझं, बाई." ते का असं म्हणाले, ते मला अजून कळलेलं नाही. कदाचित त्यांना मी भुकेली दिसले असेन.

तिथून पुढं सगळ्या आयुष्यभर तू ती गोष्ट सांगितलीस. लग्नात, बारशात, पाणवठ्यावर. मास्तरला कसा वाकवला. मी शेजारी बसून ऐकायची. आणि मग शेवटच्या आजारपणात, मी तुझे पाय चेपत होते, तेव्हा तू एकदम म्हणालीस, "तुला शाळंतनं काढली ते चुकलं का गं माझं? चार अक्षरं आली असती." त्या वेळी मला सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हणाले, "न्हाई आये, बरं केलंस. माझं मन कुठं रमत होतं शाळंत." तू डोळे मिटलेस. पण तुझा पाय माझ्या हातात होता, तो सैल पडला नाही. तुला पटलं नव्हतं. ते ओझं घेऊनच तू गेलीस, आणि ते तुझं नव्हतं, माझं होतं.

परवा रविवारी आम्ही सगळी गुऱ्हाळावर गेलो, त्या कागदातलं थंडीचं काम म्हणून. लेकानं गाडी काढली. मोठ्या काहिलीत रस उकळत होता, वाफेनं सगळं पांढरं झालं होतं, आणि त्या वासानं माझे पाय जागीच थांबले. मला वाटलं, वाफ जरा बाजूला झाली की पलीकडं तू दिसशील, हातात गडवा, 'जरा काकवी घाला पोरीला' म्हणणारी. वाफ बाजूला झाली. पलीकडं एक माणूस मोबाईलवर बोलत होता. सुनेनं डबा उघडला. नाचणीची भाकरी, पुन्हा. पोरीनं ती गरम काकवीत बुडवली आणि कोपरापर्यंत ओघळ आणत दोन खाल्ल्या. तिसरीला हात घालताना मला विचारते, "आजी, तुझी आई तुला डब्यात काय द्यायची?" म्हटलं, हीच. "मग तू सगळी संपवायचीस?" म्हटलं, संपवायची की. आये, सहा वर्षांच्या पोरीशीसुद्धा मी खोटं बोलले. त्यावरून घरी येऊन सुनेला म्हटलं, वेळ असेल तेव्हा कागद-पेन घेऊन बस.

तर एवढंच. मास्तरांनी मला मारलं नव्हतं. तुझं काही चुकलं नाही. कुठलीही आई तेच करती. तुझी भाकरीही काही वाईट नव्हती. आता सुखानं झोप.

सून विचारते, "संपलं? घडी घालू?" म्हटलं, थांब. एक राहिलंय. पण ते लिहिलंस तर हे पत्र तिला धाडता यायचं नाही. ती म्हणाली, "नाहीतर कुठल्या पेटीत टाकणार होतो आत्ती?" तेही खरं. लिही मग.

माझं मन शाळेत रमत होतं. तू काढून आणल्यावर मी म्हस चारायला रोज शाळेच्या मागच्या बाजूला न्यायची. आत पाढे चालायचे, मी भिंतीला टेकून ऐकायची. वीसपर्यंत येतात मला, अजून. तू विचारायचीस, "रोज तिकडंच का मरतीस गं एवढ्या लांब?" आणि मी सांगायची, तिकडं गवत चांगलं हाय.

तिकडं गवत नव्हतं, आये.